पश्चिमेचा समुद्र आणि पश्चिमेचे ऊन : किनाऱ्यावरील वास्तूसाठी काचेची निवड

दापोली तालुक्यातील आंजर्ले गावी कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवर उभे राहिले, की खाली नारळी-पोफळीच्या बागा, जोग नदीची खाडी, पलीकडे हर्णैचा किनारा व सुवर्णदुर्ग आणि पश्चिमेला अथांग अरबी समुद्र असे विलोभनीय दृश्य दिसते. हे दृश्य घरबसल्या दिसावे, अशी येथे घर बांधणाऱ्याची आणि निवासासाठी येणाऱ्या पाहुण्याची स्वाभाविक इच्छा असते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील नव्या बांधकामांत समुद्राकडील भिंतीऐवजी जमिनीपासून छतापर्यंत काच बसविण्याकडे कल वाढलेला दिसतो. मात्र आंजर्ल्यात समुद्र ज्या दिशेला आहे, त्याच दिशेने दुपारनंतरचे कडक ऊनही येते. डोळ्यांना सुखावणारी काच त्यामुळे चार वाजता खोलीची भट्टी करू शकते आणि मग वातानुकूलन यंत्र अहोरात्र चालवावे लागते.

शहरातील काचेच्या इमारतींपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात उभा असतो. बाजारात आज काचेचे अनेक प्रकार उपलब्ध आहेत आणि प्रत्येक प्रकार ऊर्जाबचत करणारा असल्याचे सांगितले जाते. त्यांतील योग्य प्रकार निवडण्यासाठी काच उष्णतेशी कशी वागते, ती कोणत्या दिशेला बसणार आहे आणि त्या गावची हवा कशी आहे, या तीन गोष्टींचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो.

जुन्या घरांची रीत

कोकणातील पारंपरिक घर जांभ्या दगडाचे, उतरत्या कौलारू छपराचे आणि पुढे ओटी-पडवी असलेले. छपराची वळचण इतकी खाली आलेली असे, की ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपर्यंत सहसा पोहोचत नसत. खिडक्या लहान, लाकडी गजांच्या. पावसाळ्यात माडाच्या झावळ्या विणून केलेली झापे बांधून झड अडविली जाई. माजघरात उजेड हवा असेल, तर छपरात एखाद-दुसरे काचेचे कौल बसविले जाई. हातभर जागेतून आलेला तो उजेड दिवसाच्या कामाला पुरत असे आणि त्यातून येणारी उष्णता उंच छपराखाली वरच्या वर राही.

शेजारच्या गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना तावदानांऐवजी पातळ, पारभासक शिंपले बसविलेले आढळतात. लाकडी चौकटीत ओवलेल्या या शिंपल्यांतून दुधाळ प्रकाश येतो, डोळे दिपत नाहीत आणि उन्हाची धगही कमी होते. प्रकाश आत घ्यावा, ऊन मात्र बाहेर ठेवावे, हे तत्त्व या दोन्ही पद्धतींत आहे. आधुनिक ऊर्जाक्षम काच याच तत्त्वावर आधारलेली आहे. फरक इतकाच, की जुन्या घरात बाहेरचे दृश्य पाहण्यासाठी माणूस पडवीत येऊन बसत असे. नव्या घरात ते पलंगावरून दिसावे, अशी अपेक्षा असते.

काचेतून उष्णता कशी येते?

सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेपैकी डोळ्यांना दिसणारा प्रकाश निम्म्याहून कमी असतो. सुमारे निम्मा भाग अवरक्त किरणांचा आणि अल्पसा भाग अतिनील किरणांचा असतो. साधी काच यांतील दृश्य प्रकाश आणि जवळचे अवरक्त किरण जवळजवळ मुक्तपणे आत सोडते. हे किरण फरशी, भिंती व सामान तापवितात. तापलेल्या वस्तू उष्णता बाहेर टाकतात, ती मात्र अधिक तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात, आणि या किरणांना काच आरपार जाऊ देत नाही. उन्हात बंद करून ठेवलेली मोटार आतून तापते, त्याचे कारण हेच.

याखेरीज बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असेल, तर ऊन नसतानाही काचेतून वहनाने उष्णता आत येते. उन्हाची थेट उष्णता आणि तापमानातील फरकामुळे येणारी उष्णता हे दोन वेगळे मार्ग आहेत. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

तीन आकडे महत्त्वाचे

काचेच्या माहितीपत्रकात अनेक आकडे दिलेले असतात. त्यांपैकी तीन ग्राहकाला समजले पाहिजेत.

पहिला आकडा सौर उष्णता ग्रहणांकाचा. बाजारात तो 'एसएचजीसी' या नावाने ओळखला जातो. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेचा किती अंश अखेर खोलीत येतो, हे तो सांगतो. ०.८० म्हणजे शंभरातील ऐंशी भाग आत. उष्ण प्रदेशात हा आकडा जितका कमी, तितके चांगले. काही माहितीपत्रकांत याऐवजी 'शेडिंग कोइफिशंट' दिलेला असतो, त्याला ०.८७ ने गुणले असता ग्रहणांक मिळतो.

दुसरा आकडा दृश्य प्रकाश पारगमनाचा, म्हणजेच 'व्हीएलटी'चा. बाहेरच्या उजेडाचा किती भाग आत येतो, हे त्यावरून कळते. तो फार कमी असल्यास भर दिवसा दिवे लावावे लागतात.

तिसरा आकडा 'यू' मूल्याचा. आतील व बाहेरील तापमानात एक अंश सेल्सिअसचा फरक असताना एका चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता वाहते, हे त्यात सांगितलेले असते. तो जितका कमी, तितकी काच उष्णतारोधक.

नेहमीच्या प्रकारांचे ठोकळ आकडे पुढीलप्रमाणे असतात. उत्पादनागणिक त्यांत फरक पडतो, हे लक्षात घ्यावे.

• ६ मिलिमीटरची साधी स्वच्छ काच : प्रकाश ०.८८, उष्णता ०.८२, यू ५.७
• त्याच जाडीची हिरव्या छटेची काच : प्रकाश ०.७५, उष्णता ०.६०, यू ५.७
• ब्राँझ छटेची काच : प्रकाश ०.५३, उष्णता ०.६२, यू ५.७
• करड्या छटेची काच : प्रकाश ०.४४, उष्णता ०.६०, यू ५.७
• लेप दिलेली सौर नियंत्रक एकेरी काच : प्रकाश ०.४०, उष्णता ०.४०, यू ५.७
• दोन स्वच्छ काचा, मध्ये १२ मिलिमीटर पोकळी : प्रकाश ०.७९, उष्णता ०.७१, यू २.८
• सौर नियंत्रक 'लो-ई' लेपाची दुहेरी काच : प्रकाश ०.५०, उष्णता ०.२८, यू १.८

काळी काच थंड असते का?

गडद रंगाची काच अधिक थंडावा देते, असा समज सर्वत्र आढळतो. वरील आकडे पाहता तो फारसा खरा नाही. हिरवी आणि करडी या दोन्ही काचा जवळपास सारखीच उष्णता आत सोडतात. परंतु हिरवीतून येणारा प्रकाश करडीच्या दीडपटीहून अधिक असतो. करडी काच घेणारा उजेड गमावतो आणि त्या मानाने उष्णतेत फारशी बचत करत नाही. शिवाय रंगीत काच ऊन परत पाठविण्याऐवजी स्वतःत शोषून घेते. ती तापते आणि तिच्या आतल्या पृष्ठभागाची धग जवळ बसलेल्या माणसाला जाणवते. काचेचा काही भाग उन्हात आणि काही भाग सावलीत असेल, तर असमान तापण्यामुळे ती तडकण्याचा संभवही असतो. जुन्या काचेवर गडद फिल्म चिकटविण्यापूर्वी हा धोका ध्यानात घ्यावा.

काच पारखण्याची सोपी रीत म्हणजे प्रकाशाच्या आकड्याला उष्णतेच्या आकड्याने भागणे. साध्या काचेसाठी हे गुणोत्तर सुमारे १.०७, करड्या काचेसाठी ०.७३, हिरव्या काचेसाठी १.२५ आणि वर दिलेल्या 'लो-ई' दुहेरी काचेसाठी १.८ येते. गुणोत्तर जितके मोठे, तितका उष्णतेच्या मोबदल्यात उजेड अधिक.

आरशासारखी चकाकणारी परावर्तक काच ऊन परत फेकते हे खरे, पण ते समोरच्या घरावर किंवा रस्त्यावर. दिवसा बाहेरून आत काही दिसत नाही, म्हणून ती खासगीपणासाठी पसंत केली जाते. रात्री आत दिवे लागले, की चित्र उलटे होते : बाहेरच्यांना आतले सर्व दिसते आणि आतल्यांना काचेत स्वतःचेच प्रतिबिंब.

एका खोलीचा हिशेब

आंजर्ल्यातील पश्चिमाभिमुख खोलीचे उदाहरण घेऊ. खोलीला चार मीटर रुंद व अडीच मीटर उंच, म्हणजे १० चौरस मीटर काच आहे, असे मानू. एप्रिलमधील दुपारी काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते, बाहेर ३३ अंश आणि आत २५ अंश तापमान आहे, असे धरू.

साधी काच असल्यास उन्हामुळे ४,९२० वॅट आणि तापमानातील आठ अंशांच्या फरकामुळे ४५६ वॅट उष्णता खोलीत येईल. एकूण सुमारे ५.४ किलोवॅट. वातानुकूलन यंत्राचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा केवळ या काचेसाठी दीड टनाचे यंत्र लागेल. भिंती, छप्पर, माणसे यांचा हिशेब त्यात नाही. करडी काच लावल्यास हा आकडा ४.१ किलोवॅट होईल. दोन साध्या काचांची दुहेरी जोडणी केली, तर ४.५ किलोवॅट. लेपाची एकेरी सौर नियंत्रक काच घेतल्यास २.९ आणि 'लो-ई' दुहेरी काच घेतल्यास १.८ किलोवॅट.

यांतून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उन्हाचा वाटा वहनाच्या वाट्यापेक्षा दसपटीहून अधिक आहे. किनाऱ्यावर उन्हाळ्यातही हवेचे तापमान फार चढत नसल्याने आतबाहेरचा फरक मर्यादित राहतो. म्हणून येथे 'यू' मूल्यापेक्षा ग्रहणांकावर खर्च करणे श्रेयस्कर. सौर नियंत्रण नसलेली महाग दुहेरी काच उष्णता रोखण्यात लेपाच्या एकेरी काचेहून मागे पडते. विदर्भात मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेथे तापमानातील फरक वीस अंशांचा झाला, की साध्या काचेतून वहनाने येणारी उष्णता ४५६ वरून १,१४० वॅटवर जाते आणि दुहेरी काचेची उपयुक्तता वाढते. नागपुरात योग्य ठरलेली काच आंजर्ल्यात जशीच्या तशी योग्य ठरेलच असे नाही, ते यामुळेच.

आता याच खोलीचा दुसरा आराखडा पाहू. काच निम्मी, म्हणजे ५ चौरस मीटर केली आणि पुढे पडवी काढून थेट ऊन अडविले. आकाशातून व समुद्रावरून येणारा पसरट उजेड काचेवर १५० वॅट इतका धरला, तर साध्या काचेतूनही उन्हाचे ६१५ आणि वहनाचे २२८ वॅट मिळून केवळ ०.८४ किलोवॅट उष्णता येईल. पूर्ण भिंतभर लावलेल्या अत्याधुनिक काचेच्याही हे निम्म्याहून कमी आहे. काचेची निवड दुकानात सुरू होते असे वाटत असले, तरी तिचा मोठा भाग आराखड्यावरच ठरून जातो.

विजेचाही अंदाज बांधता येतो. साध्या काचेऐवजी ०.४० ग्रहणांकाची काच लावली आणि दुपारनंतरच्या चार तासांत सरासरी ४५० वॅट ऊन धरले, तर दिवसाकाठी सुमारे साडेसात युनिट उष्णता आत येण्याचे टळते. यंत्र एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर टाकते असे मानल्यास दर खोलीमागे रोज अडीच युनिट वीज वाचते. स्वच्छ उन्हाचे दोनशे दिवस धरले, तर वर्षाला ५०० युनिट. काचेच्या किमतीतील फरक या बचतीतून किती वर्षांत भरून निघतो, हे आपापल्या वीजदरानुसार पडताळता येईल. खोलीत वातानुकूलन नसेल, तर बिलात बचत दिसणार नाही. लाभ दुपारच्या सुसह्यतेत दिसेल.

आधी दिशा, मग सावली

आंजर्ले सुमारे १७.८ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी येथे सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. उरलेले वर्ष दक्षिणेकडे.

दक्षिणेच्या खिडकीवर सावली करणे सोपे आहे. २१ डिसेंबरला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. तेव्हा १.२ मीटर उंचीच्या खिडकीवर पूर्ण सावलीसाठी सुमारे एक मीटरचा छज्जा लागतो. मार्चअखेरीस त्याच खिडकीला चाळीस सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. उत्तरेची खिडकी सर्वांत निर्धोक. वर्षातील बहुतेक काळ तेथे थेट ऊन येत नाही आणि उजेड एकसारखा मिळतो. तेथे साधी किंवा हिरवट काच चालू शकते.

पश्चिमेची गोष्ट निराळी. एप्रिलच्या मध्यास सायंकाळी पाच वाजता येथे सूर्य क्षितिजापासून अवघ्या २६ अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. त्या वेळी १.२ मीटरच्या खिडकीवर सावली पाडण्यासाठी सुमारे अडीच मीटर, म्हणजे आठ फूट पुढे आलेले छप्पर लागते. एवढ्या लांबीचा छज्जा कोणी काढत नाही. ती पडवीच होते. कोकणी घराला पडवी का असते, याचे उत्तर या भूमितीत आहे. जागेअभावी पडवी शक्य नसेल, तर उभ्या फिरत्या लाकडी पट्ट्या, बांबूचे पडदे, जाळीदार भिंत किंवा बागेतील झाडांची ओळ हे पर्याय आहेत. ही सावली काचेच्या बाहेर हवी. आतील पडदा ऊन अडवितो, पण तोवर ते काच ओलांडून आत आलेले असते. पडदा तापतो आणि खोलीही तापते.

सूर्यास्ताच्या सुमारास किरण आडवे येतात, त्या वेळी पडवीही ते अडवू शकत नाही. परंतु तोवर उन्हाचा जोर ओसरलेला असतो, आणि सूर्यास्त पाहायलाच तर माणसे येथे येतात.

लेप, पोकळी आणि खारी हवा

'लो-ई' काचेवर धातूचा वा धातूच्या संयुगाचा अतिसूक्ष्म लेप असतो. साध्या काचेचा पृष्ठभाग उष्णता सहज उत्सर्जित करतो; या लेपामुळे ते प्रमाण पुष्कळ घटते. लेपाचे दोन प्रकार आहेत. काच तयार होतानाच तापलेल्या पृष्ठभागावर दिलेला कठीण लेप टिकाऊ असतो आणि एकेरी काचेतही वापरता येतो. निर्वात कक्षात नंतर दिलेला मृदू लेप अधिक कार्यक्षम, पण नाजूक असतो. तो दुहेरी काचेच्या बंद पोकळीतच सुरक्षित राहतो. दुहेरी काचेचे चार पृष्ठभाग बाहेरून आत असे मोजतात. उष्ण प्रदेशात लेप दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतील बाजूस असावा. शीत प्रदेशांसाठीच्या 'लो-ई' काचेत ऊन आत घेण्याची योजना असते. केवळ 'लो-ई' हे नाव पाहून काच घेऊ नये. ग्रहणांक अवश्य विचारावा.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. खारी, दमट हवा चौकटी, स्क्रू, बिजागऱ्या आणि कडांचे सीलबंद जोड यांची सतत परीक्षा घेते. दुहेरी काचेचा जोड निकामी झाला, की पोकळीत बाष्प शिरते आणि काच आतून धुरकट होते. ती पुसता येत नाही; बदलावीच लागते. म्हणून दुहेरी जोडणी असल्यास, कडा दुहेरी सीलने बंद केलेल्या असाव्यात आणि हमी लेखी घ्यावी. ॲल्युमिनियमच्या चौकटींवर चांगल्या प्रतीचे ॲनोडायझिंग किंवा पावडरचा लेप आणि जोडकामास स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हवेत. काचेवर साचणारे मीठ गोड्या पाण्याने वरचेवर धुवावे लागते; तेव्हा वरच्या मजल्यावरील काच बाहेरून धुण्याची सोय आराखड्यातच असावी.

पावसाळ्यात हवेतील बाष्प इतके असते, की खोली फार थंड ठेवल्यास एकेरी काचेच्या बाहेरच्या बाजूस दव धरते आणि समुद्र दिसेनासा होतो. यंत्राचे तापमान थोडे वाढविणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

वाऱ्याला वाट हवी

दमट हवेत माणसाला थंडावा मिळतो तो घामावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. बंद काचभिंतीची खोली हा वारा तोडते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याचा फटका दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला. बागा उन्मळून पडल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा दिवसांत खिडक्या न उघडणारी खोली राहण्यास निरुपयोगी ठरते.

केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये आणलेल्या 'इको निवास संहिते'त याचा विचार आहे. उष्ण व दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश असावे, असे तीत म्हटले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशासाठी हे प्रमाण १० टक्के आहे. भिंती आणि खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक नसावी, असाही दंडक आहे.

हॉटेले, कार्यालये अशा मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली. २०१७च्या सुधारित आवृत्तीत काचेचे क्षेत्र बाह्यभिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत, उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेचा ग्रहणांक ०.२७ पर्यंत, 'यू' मूल्य ३ पर्यंत आणि प्रकाश पारगमन किमान ०.२७ अशी चौकट घालून दिली गेली. २०२४ मध्ये या संहितेची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. गावातील छोटे घर वा निवास या नियमांच्या कक्षेत बहुधा येत नाही. तरीही हे आकडे मार्गदर्शक म्हणून उपयोगी आहेत. बाहेर चांगली सावली असेल, तर ग्रहणांकाबाबत थोडी ढील देता येते, हे तत्त्व या संहितेतही मान्य केलेले आहे.

वादळ आणि सुरक्षितता

'निसर्ग' वादळाच्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. या वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ५७ किलो भाराइतका दाब देतो. तीन चौरस मीटरच्या एका तावदानावर हा भार १७० किलो होतो. झोताबरोबर उडणारे कौल किंवा फांदी आदळल्यास तो वेगळाच.

टफन्ड काच साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट असते आणि फुटल्यास तिचे बोथट तुकडे होतात. मात्र फुटताच संपूर्ण तावदान गळून पडते आणि वारा-पाऊस घरात शिरतो. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो. काच तडकली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. हा थर जवळजवळ सर्व अतिनील किरणही अडवितो, त्यामुळे पडदे व लाकडी सामानाचा रंग टिकतो. समुद्रासमोरील मोठ्या तावदानांसाठी लॅमिनेटेड काच अधिक विश्वासार्ह ठरते. भारतीय मानक ब्युरोची आयएस १६२३१ ही मानकमाला इमारतीतील काचेच्या निवडीविषयी आहे. तिच्या आधारे जाडी ठरविण्याचे काम अभियंत्याकडे सोपवावे. टफन्ड काच एकदा तयार झाली, की तिला कापता वा भोक पाडता येत नाही. मापे आधीच पक्की हवीत.

किनाऱ्यावरचा अंधारही जपावा

आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. जवळच्या वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासव संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे ते इतर किनाऱ्यांवर पसरले. आंजर्ल्यातही कासव महोत्सव भरतो आणि पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी पर्यटक येतात. वाळूतून बाहेर पडलेली पिले समुद्रावरील उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात. जमिनीकडून तेजस्वी उजेड दिसला, तर ती उलट दिशेने भरकटतात. अंडी घालण्यासाठी येणारी मादीही प्रखर उजेडामुळे परत फिरू शकते.

दिवसा उजेड आत घेणारी काच रात्री तो बाहेर टाकते. भिंतभर काचेची प्रकाशित खोली किनाऱ्यावरून कंदिलासारखी दिसते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९० च्या दशकात तयार केलेल्या आदर्श नियमावलीत किनाऱ्यावरून दिसणाऱ्या खिडक्यांचे प्रकाश पारगमन ४५ टक्के वा त्याहून कमी असावे, असे सुचविले होते. सौर नियंत्रक काचेचे पारगमन बहुधा याच्या आसपास असते. म्हणजे ऊन अडविण्यासाठी निवडलेली काच कासवांनाही उपकारक ठरते. त्याच्या जोडीला नोव्हेंबर ते मे या काळात रात्री पडदे ओढणे, खोलीत मंद व पिवळसर दिवे वापरणे आणि समुद्राकडे रोखलेले दिवे टाळणे एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ साधते.

खरेदीपूर्वी लक्षात ठेवावे

• प्रत्येक दिशेच्या खिडक्यांचे क्षेत्रफळ वेगळे लिहून काढावे. सर्व दिशांना एकच काच घेण्याची गरज नाही.
• पश्चिमेस आधी पडवी वा बाहेरील पडद्यांची योजना करावी; उरलेल्या उन्हासाठी ०.४० किंवा त्याहून कमी ग्रहणांकाची काच घ्यावी.
• खिडक्या बहुतांश वेळ उघड्या राहणार असतील, तर दुहेरी काचेवर खर्च करू नये. उघड्या खिडकीला 'यू' मूल्य नसते.
• चोवीस तास वातानुकूलित राहणाऱ्या खोल्यांसाठी सौर नियंत्रक 'लो-ई' दुहेरी काचेचा विचार करावा.
• विक्रेत्याकडून ग्रहणांक, प्रकाश पारगमन व 'यू' मूल्य हे तिन्ही आकडे लेखी घ्यावेत आणि ते संपूर्ण जोडणीचे आहेत की एकाच काचेचे, हे विचारावे.
• नमुन्याचा तुकडा दुपारी चार वाजता जागेवर नेऊन, समुद्राकडे धरून पाहावा. दुकानातील दिव्याखाली रंगाचा अंदाज येत नाही.
• प्रत्येक खोलीच्या समोरासमोरच्या बाजूंना उघडणारी झडपे आहेत ना, याची खातरजमा करावी.

हर्णैच्या बंदरावर लिलाव संपून बोटींची वर्दळ कमी होते, तेव्हा आंजर्ल्याच्या पश्चिमेला आकाश लाल होऊ लागते. पाहुण्याला ते काचेतून दाखवायचे की पडवीतून, हा निर्णय घरमालकाचा. पडवीत बसून पाहिलेला सूर्यास्त विजेच्या बिलात उमटत नाही. काचेतून पाहायचा असेल, तर ती काच हिशेब करून निवडलेली असावी.